टाकीतलं वीतभर पाणी

सुपडूभाऊ न्हाणीघरात जाऊन बराच वेळ झाला होता आणि आतून पाण्याचा आवाज येत नव्हता.

रतिलाल बाहेर जिन्यापाशी घुटमळत होते. आपण दाराशी उभे आहोत असं वाटू नये म्हणून ते कठड्यावरची नसलेली धूळ फडक्यानं पुसत होते. खालून कुंदाबाईंनी हातानंच विचारलं, काय झालं? रतिलालांनी हातानंच सांगितलं, काही नाही. पण काय झालंय ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. गच्चीवरची टाकी पुन्हा रिकामी झाली होती, नेमके दिवे गेले होते म्हणून मोटर लावता येत नव्हती, आणि मुलाचे सासरे अंगाला साबण लावून आत उभे होते.

हाक मारून विचारावं, तर आपल्या घरात पाणी नाही हे आपल्याच तोंडानं सांगायचं. तेही व्याह्यांना! आत सुपडूभाऊंचीही तीच गत असावी. पाणी मागावं, तर लेकीच्या सासरी पाणी नाही असं बोलून दाखवल्यासारखं होईल. तेव्हा दोघेही आपापल्या बाजूनं दाराकडे बघत गप्प होते.

शेवटी कामावर निघालेली सून मोहिनी पर्स विसरली म्हणून वर आली आणि सासऱ्यांचा चेहरा बघून काय ते समजली. तिनं सरळ दार वाजवलं.

"आबा, पाणी गेलं का?"

"हो बेटा. थोडंसं."

"केव्हा गेलं?"

"हे काय, आत्ताच."

आवाजावरून कळत होतं की साबण अंगावर वाळून कातडी ताणली गेली आहे. मोहिनी हसू दाबत खाली धावली. रतिलालांनी बोळातल्या हौदाचं झाकण सरकवलं, दोर लावून बादली सोडली आणि पहिल्याच हिसक्याला ती भरून वर आली. हौद बराच भरलेला होता. नळाला पाणी येऊन कितीतरी दिवस झाले तरी हौद एवढा भरलेला, म्हणजे आपण पाणी किती जपून वापरतो, असं त्यांच्या मनात आलं आणि त्या अवघड घडीतही त्यांना जरा बरं वाटलं.

रतिलालांचं सगळं आयुष्य धुळ्याच्या बसस्थानकावर गेलं होतं. वाहतूक नियंत्रक म्हणून ते माईकसमोर बसायचे. शिरपूर, साक्री, अमळनेर, चोपडा, कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली ते त्यांच्या आवाजात ऐकल्याशिवाय प्रवासी जागचे हलत नसत. निवृत्त होऊन देवपुरातल्या घरी बसल्यावर तोच ठाशीव आवाज ते घरातल्या प्रत्येक प्रश्नाला लावायचे. दूध नासलं तरी त्याचं कारण नानांनी जाहीर करायचं, असा कुंदाबाईंचा टोमणा होता.

पण या टाकीनं मात्र त्यांना हात टेकायला लावले होते. संध्याकाळी मोटर लावून ती काठोकाठ भरायची आणि सकाळी बघावं तर तळाला वीतभर पाणी. ना कुठे नळ गळत होता, ना गच्ची ओली होती. रतिलालांनी आधी सुनेला लांब आंघोळीची सवय आहे का याचा अंदाज घेतला, मग मुलाला, जितेंद्रला. पण जितेंद्र जळगावला नोकरीला, येणार शनिवारी, आणि टाकी रिकामी व्हायची रोज. मग त्यांनी गल्लीतल्या किरण प्लंबरला बोलावलं. किरण कामसू पोरगा. त्यानं नळ बदलले, संडासच्या फ्लशमधला वायसर बदलला. फरक पडेना. एक दिवस त्याची नजर खालच्या दिवाणखान्याच्या भिंतीवर गेली. छताजवळ परातीएवढी ओल आली होती आणि तिच्या बरोबर वर न्हाणीघर होतं.

"नाना, सापडलं," किरण म्हणाला. "पाइप फरशीखाली फुटलाय. सगळं पाणी तिकडे मुरतंय. फरशी फोडावी लागेल."

ती फरशी कुंदाबाईंनी दिवाळीच्या आधी बसवून घेतली होती. निळसर, पांढऱ्या वेलीची. दुकानदाराला माळ्यावरची खोकी उतरवायला लावून त्यांनी ती निवडली होती. फोडायची म्हटल्यावर त्या दोन दिवस रतिलालांशी जेवढ्यास तेवढंच बोलल्या. मग असं ठरलं की पाहुणे गेले की सोमवारी किरणनं यायचं आणि तोवर घरात या गोष्टीचा ब्रही काढायचा नाही.

पाहुणे म्हणजे सुपडूभाऊ, सावद्याचे केळीवाले. त्यांच्या डोळ्याला मोतीबिंदू झाला होता. लेकीच्या घरी राहायला ते मुळीच तयार नव्हते, पण मोहिनी धुळ्यातल्या एका तपासणी प्रयोगशाळेत कामाला होती, तिथल्या ओळखीनं तिनं डॉक्टर ठरवला आणि वडिलांना गाडीत घालून आणलंच. ऑपरेशन झकास झालं. पण पथ्यं फार. वाकायचं नाही, जड उचलायचं नाही, तोंडावर पाणी घ्यायचं नाही, आणि दिवसभर तो काळा चष्मा. पहाटे उठून केळीच्या बागेत हिंडणारा माणूस दिवाणावर बसून बसून आंबून गेला होता.

लग्न होऊन वर्ष झालं तरी दोन्ही व्याह्यांचं अजून नीट जमलेलं नव्हतं. भांडण काहीच नव्हतं, अडचण होती ती अति आदराची. रतिलालांची घरची भाषा अहिराणी, सुपडूभाऊंची सावद्याकडची वेगळीच बोली. पण एकमेकांशी बोलताना दोघेही पुस्तकी मराठी काढायचे, पाहुण्यांसाठी कपाटातल्या कपबशा काढाव्यात तशी. "आपण घ्या ना." "नको, आपण घ्या." ऊन, केळीवरचा रोग आणि एसटीच्या गाड्या, एवढ्यावर पहिले दोन दिवस निघाले होते. तिसऱ्या दिवशी बोलायला काही उरलं नव्हतं आणि चौथ्या दिवशी हे साबणाचं झालं.

त्या दिवशी जेवण करून सुपडूभाऊ हात धुवायला बेसिनपाशी गेले. नळ उघडला तर पाण्याची एक बारीक धार समोर, एक उजवीकडे आणि एक थेट त्यांच्या सदऱ्यावर. ते एक पाऊल मागं सरकले.

"आपल्याकडे बोअरचं पाणी आहे का?" त्यांनी विचारलं.

"उन्हाळ्यात मिसळतो थोडं. का बरं?"

"नाही, सहज."

रतिलाल टॉवेल घेऊन उभे. सुपडूभाऊंनी हात पुसले, दिवाणाकडे निघाले, पुन्हा वळले. नळाच्या तोंडाला आतून बोट लावून पाहिलं. मग त्यांच्यानं राहवेना.

"राग मानू नका. नळाच्या तोंडात एक जाळी असते. ती चोंदलीय."

"पण हा नळ तर किरणनं नवाच बसवलाय! आधीचाही असाच झाला होता, म्हणून तर बदलला."

"नळ नवा असला तरी पाणी तेच ना. आमच्या ठिबकच्या नळ्या अशाच बुजतात. पाण्यात क्षार असतात, ते भोकात धरतात. झाड सुकायला लागतं आणि माणूस मोटरला दोष देतो. मग नळ्यांना आम्ही ॲसिड सोडतो."

"ॲसिड?" कुंदाबाई आतून म्हणाल्या. "माझ्या घरात ॲसिड नको हो!"

"नाही वहिनी, इथं लिंबूसुद्धा चालेल."

रतिलालांनी पकड आणली. सुपडूभाऊंना वाकायची बंदी, म्हणून ते ताठ उभे राहून सांगत होते आणि रतिलाल फिरवत होते. टोकाची चकती निघाली. तिच्यातली जाळी पांढऱ्या खरपुड्यांनी अशी भरली होती की सुईदेखील गेली नसती. वाटीत लिंबू पिळून ती टाकली तर बारीक बुडबुडे सुटायला लागले. दोघे व्याही वाटीत डोकावून बघत बसले. कुंदाबाईंना विरजणाला ती वाटी हवी होती, त्यांनी फडताळातून दुसरी काढली.

जाळी पुन्हा बसवली आणि नळ उघडला, तर अंगठ्याएवढी सरळ धार खळकन बेसिनात पडली. रतिलालांनी नळ बंद केला, पुन्हा उघडला, पुन्हा बंद केला.

"वरच्या न्हाणीतलाही असाच फवारे मारतो," ते म्हणाले. एवढं बोलल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपण व्याह्यांकडे घरातली उणीव बोलून बसलो. पण सुपडूभाऊ तोवर जिन्याकडे निघालेही होते.

तासा-दीड तासात घरातल्या सगळ्या नळांची तोंडं उघडून झाली. त्या गडबडीत रतिलालांनी टाकीची सगळी कर्मकथा सांगून टाकली. ओल, किरण, फरशी, सोमवार, सगळं. सांगितल्यावर छातीवरचं ओझं उतरल्यासारखं त्यांना वाटलं. सुपडूभाऊंनी मान डोलावली आणि म्हणाले, "मग सकाळी मी उगाच उभा राहिलो का आत? मला वाटलं, मीच जास्त पाणी सांडलं!"

एव्हाना दिवे आले होते. रतिलालांनी मोटर लावून टाकी भरली, बंद केली आणि आरामखुर्चीत पाय पसरले. सुपडूभाऊ डोळ्यात थेंब घालून दिवाणावर उताणे पडले होते. कुंदाबाई शेजारी तांदूळ निवडत बसल्या होत्या. डोळे मिटलेल्या माणसाचे कान मोठे होतात म्हणा किंवा काय, पण थोड्या वेळानं सुपडूभाऊ म्हणाले, "मोटर बंद केली ना?"

"केली की."

"मग भिंतीत पाणी कसं वाहतंय?"

रतिलालांनी कान दिला. त्यांना पंख्याशिवाय काही ऐकू येईना. पंखा बंद केला. तेव्हा कुठे भिंतीपलीकडून एक बारीक, सलग आवाज आला. सूंऽऽऽ.

"वर कोणी नळ उघडा ठेवला असेल," ते म्हणाले.

"कोण ठेवणार? आपण तिघंही इथं."

दोघे उठून बोळात गेले. घराच्या बाजूचा चिंचोळा बोळ. तिथं हौद, त्याच्याजवळ मोटर, आणि भिंतीवर दोन पाइप. एक हौदातलं पाणी मोटरमधून वर टाकीत नेणारा, दुसरा टाकीतलं पाणी घरातल्या नळांना देणारा. सुपडूभाऊंनी नळांच्या पाइपाला कान लावला. शांत. मग मोटरच्या पाइपाला लावला आणि रतिलालांना खूण केली. एका बाजूनं रतिलालांनी कान लावला, दुसऱ्या बाजूनं सुपडूभाऊंनी. मोटर बंद होती, पण पाइपात पाणी चाललं होतं. हाताला त्याची बारीक थरथरही लागत होती.

शेजारच्या ओट्यावरून धुरपदाबाई हे बघत होत्या. दोन पोक्त व्याही एका पाइपाला दोन्हीकडून गाल लावून उभे आहेत, त्यातल्या एकाला काळा चष्मा.

"काय व्हयनं हो नाना?" त्यांनी हटकलं. "नळीमा काय ऐकी राह्यनात?"

"काही नाही, अक्का! जरा तपासणी चालली आहे," रतिलाल बसस्थानकाच्या आवाजात म्हणाले.

सुपडूभाऊ सरळ झाले. "तुमचा फुटबॉल गेला."

रतिलालांना वाटलं, व्याह्यांना ऊन लागलं. "कसला फुटबॉल?"

"फूट व्हॉल्व्ह हो. आम्ही फुटबॉलच म्हणतो. हौदात जी नळी सोडलीय ना, तिच्या तळाला एक झडप असते. पाणी वर जाताना उघडायची, मोटर थांबली की मिटायची. मिटली म्हणजे पाणी मागं फिरत नाही. आमच्या विहिरीवरचा हा फुटबॉल दर दोन-तीन वर्षांनी कुरकुरतो. काडीकचरा अडकतो, नाहीतर आतलं रबर झिजतं."

"म्हणजे पाणी वरून परत हौदात येतंय?"

"येतंय. पण..." सुपडूभाऊंनी हनुवटी खाजवली. "नुसता फुटबॉल गेला तर नळीत असेल तेवढंच पाणी खाली येईल. अख्खी टाकी कशी येईल? नळीचं तोंड तर टाकीत वर असणार, पाण्याच्या वर."

त्यांनी पाइपावरून वर गच्चीपर्यंत नजर नेली. मग सुपडूभाऊंनी विचारलं, "रोज सकाळी टाकीत पाणी किती उरतं म्हणालात?"

"वीतभर."

"कधी दोन वीत? कधी काहीच नाही?"

रतिलालांनी आठवून पाहिलं. "नाही. वीतभरच. रोज वीतभर."

"मग फरशीखाली काही फुटलेलं नाही, भाऊ. फुटक्या पाइपाला कुठं कळतं थांबायचं? तिथून टाकी पार आटली असती. वीतभर पाण्यापाशी काहीतरी आहे. वर जाऊन पाहा. मी आलो असतो, पण ती लोखंडी शिडी..."

"तुम्ही इथंच थांबा!" रतिलाल निघालेसुद्धा. 'आपण'चं 'तुम्ही' कधी झालं ते दोघांच्याही ध्यानात आलं नाही. "कान पाइपालाच असू द्या!"

गच्चीवर ऊन रणरणत होतं. रतिलाल शिडी चढले, टाकीचं काळं झाकण उचललं आणि आत डोकावले. काठापर्यंत भरलेलं पाणी आताच हातभर खाली गेलं होतं. आणि मोटरच्या पाइपाच्या तोंडाला पट्टीनं आवळलेली एक हिरवी रबरी नळी सरळ त्या पाण्यात उतरली होती. तिचं खालचं टोक तळापासून वीतभर वर तरंगत होतं.

ती नळी त्यांनीच बसवली होती. गेल्या उन्हाळ्यात मोटर पहाटे लावायचे आणि कुंदाबाईंची तक्रार होती की टाकीत पाणी उंचावरून धबधबा पडतं आणि झोपमोड होते. रतिलालांनी बागेतली नळी कापून पाइपाला जोडली आणि पाण्यात सोडून दिली. आवाज एकदम बंद. त्या युक्तीचं त्यांना एवढं कौतुक वाटलं होतं की गल्लीत चार घरी त्यांनी ती बसवण्याचा सल्ला दिला होता.

ट्रॅक्टरमधून डिझेल काढताना नळीचं एक टोक टाकीत बुडवतात, दुसरं खाली धरून तोंडानं एकदा ओढतात, की मग धार आपसूक चालू राहते. हे त्यांनी शंभरदा पाहिलेलं होतं. तीच करामत त्यांच्या डोक्यावर रोज चालली होती. ओढायचं काम मोटर करत होती, खालचं तोंड बिघडलेल्या फुटबॉलनं उघडं ठेवलं होतं, आणि ही हिरवी नळी तिच्या टोकाखालचं वीतभर सोडून सगळं पाणी शोषून खाली पाठवत होती.

वाहतूक नियंत्रकाचं सगळं शुद्ध मराठी त्या क्षणी उन्हात विरघळून गेलं.

"अरे, हाई ते मन्हंच काम शे!" ते वरून ओरडले. "याही! मन्हीच नळी शे हाई! बठ्ठं पानी इनाम्हाईन खाले जाई राह्यनं!"

"काढा मंग तिले भाईर!" खालून सुपडूभाऊ ओरडले.

रतिलालांनी दंडापर्यंत हात घातला आणि नळी पाण्याबाहेर ओढली. नळीनं भसकन हवा गिळली. पाइपात गुडगुड झाली, खाली खाली गेली, आणि मग बोळातून सुपडूभाऊंचा असा आवाज आला की धुरपदाबाई ओट्यावरून उठून उभ्या राहिल्या.

"थांबलं! थांबलं ना भो! पानी थांबलं!"

रतिलाल शिडीवरून कसे उतरले, जिना कसा उतरले, त्यांना कळलं नाही. बोळात पोचले तर व्याही काळा चष्मा कपाळावर सरकवून हसत होते. कुंदाबाई बाहेर येऊन आधी ओरडल्या, "चष्मा! डोळ्यावर घ्या तो चष्मा!" आणि मग म्हणाल्या, "झालं काय?"

रतिलालांनी सांगितलं. काहीही न लपवता सांगितलं. वर गेलेलं पाणी कुठेच मुरत नव्हतं, की कोणी चोरतही नव्हतं. ते गुपचूप हौदात परत येत होतं. नळी वर्षभर होती, पण तोवर फुटबॉल धड होता, म्हणून काही बिघडलं नाही. थंडीत कधीतरी फुटबॉल बिघडला आणि दोघांची गाठ पडली.

"म्हणजे रोज संध्याकाळी तुम्ही तेच पाणी वर चढवत होतात?" कुंदाबाईंनी विचारलं.

"तेच."

"आणि ते रोज घरी परत येत होतं?"

"हो."

कुंदाबाईंना पदर तोंडाला लावावा लागला. त्या हसायला लागल्या आणि त्यांना बघून सुपडूभाऊ, आणि मग रतिलालही. हसताना डोळ्यावर ताण नको म्हणून सुपडूभाऊ भिंतीला टेकून बसले, पण त्यांचं पोट गदगदत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रतिलालांनी सगळ्यांना गच्चीवर नेऊन टाकी दाखवली. पाणी होतं तिथंच होतं. फरशी वाचली, असं त्यांनी जाहीर केलं. पण खाली येऊन बघतात तर दिवाणखान्यातली ओल जशीच्या तशी. उलट तिचा ओघळ बोटभर लांबला होता.

"मग ही कुठून?" कुंदाबाई म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांसमोर पुन्हा फुटलेली फरशी आली असावी.

रतिलालांचं तोंड उतरलं. सुपडूभाऊ पुन्हा बोळात जाऊन कान लावून आले. नळांच्या पाइपात आवाज नव्हता. न्हाणीघर तर पहाटेपासून कोरडं होतं.

मोहिनी कामावर जाण्याआधी स्टुलावर चढली आणि नाक भिंतीला लावून त्या डागाकडे बघत राहिली. दिवसभर काचपट्ट्यांवरचे डाग पाहण्याचं तिचं काम. खाली उतरून तिनं वडिलांना बाजूला घेतलं आणि कानात काहीतरी सांगितलं. सुपडूभाऊंनी रतिलालांना बाजूला घेतलं आणि त्यांच्या कानात सांगितलं. रतिलालांनी कुंदाबाईंकडे पाहिलं आणि घसा साफ केला.

"मी काही बहिरी नाही," कुंदाबाई म्हणाल्या. "बोला."

शेवटी मोहिनीच बोलली. "आई, नळाच्या पाण्याची ओल पांढरट असते, मिठासारखी फुलते. हा ओघळ मातकट आहे. कडेनं तांबूस रेघ आहे. हे पाणी मातीतून आलंय."

न्हाणीघराला लागून वरच्या खोलीची खिडकी होती. खिडकीबाहेर सज्जा, आणि सज्ज्यावर कुंदाबाईंच्या मोगऱ्याच्या कुंड्या ओळीनं मांडलेल्या. त्यांना त्या रोज दोन वेळा पाणी घालत. कुंदाबाई तडक वर गेल्या. मागोमाग सगळे. एक कुंडी सरकवली तर मागं सज्ज्यातलं पाणी जाण्याचं भोक पाल्यानं आणि मातीच्या गोळ्यानं घट्ट बुजलेलं. पाण्याला बाहेरची वाटच नव्हती. ते भिंतीकडे सरकून तिच्यात झिरपत होतं.

कुंदाबाईंनी केरसुणीची काडी घेऊन भोक मोकळं केलं. साचलेलं पाणी भळकन बाहेर पडलं, ते थेट धुरपदाबाईंच्या ओट्याच्या कडेला.

"तुमची नळी, माझ्या कुंड्या," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "आणि फोडत होतो आपण त्या बिचाऱ्या फरशीला."

पाहुणे अजून गेले नव्हते, पण ठरल्याप्रमाणे सोमवारी किरण छिन्नी-हातोडा आणि फरशी फोडायचं यंत्र घेऊन दारात उभा राहिला. त्याला आधी चहा दिला आणि मग सगळं सांगितलं. सांगायला दोघे होते, त्यामुळे वेळ लागला. किरण कपाळाला हात लावून हसला.

"नाना, मी ओल पाहिली आणि तिथंच अडकलो. पाणी जातंय आणि भिंत ओली होतेय, म्हणजे एकच भानगड असणार, असं वाटलं. टाकीत डोकं घालून पाहिलंच नाही."

त्यानं हौदातली नळी वर ओढून घेतली. फुटबॉलच्या आतल्या रबराचा एक लचका गेलेला होता. नवा बसवला. मग तो गच्चीवर गेला, हिरवी नळी हातात घेतली आणि म्हणाला, "ही काढून टाकू नका. काढली तर काकूंची पुन्हा झोपमोड." त्यानं नळीच्या वरच्या अंगाला, जिथवर पाणी कधीच पोचत नाही तिथं, टोच्यानं एक भोक पाडलं. "आता फुटबॉल उद्या पुन्हा गेला तरी इथून हवा शिरेल. पाणी ओढलं जाणार नाही."

सुपडूभाऊंनी ते भोक बोटानं चाचपून पाहिलं. त्यांना शिडी चढायची परवानगी नव्हती, म्हणून किरणनं नळी खाली आणून दाखवली होती. "वा रे पठ्ठ्या," ते म्हणाले. "एवढ्याशा भोकात सगळं आलं."

त्यानंतर सुपडूभाऊ डॉक्टरनं सांगितलं होतं त्याहून जास्त राहिले. धुरपदाबाईंच्या मोरीत गुडगुड व्हायची, ती दोघांनी जाऊन ऐकली. गेल्या उन्हाळ्यात ज्या चार घरांना रतिलालांनी हिरव्या नळीचा सल्ला दिला होता, तिथं जाऊन किरणकडून भोकं पाडून घेतली. एका घरी गीझरचं पाणी कोमटच येत होतं. त्यात काहीच बिघाड नव्हता, कोणीतरी गार-गरम दोन्ही नळ एकदम अर्धे उघडत होतं. शनिवारी जितेंद्र जळगावहून आला तेव्हा वडील आणि सासरे जेवायच्या ताटावर आपापल्या बोलीत मोठमोठ्यानं वाद घालत होते, आणि एकमेकांचा एखादा शब्द कळला नाही तर मोहिनीकडे बघत होते. जितेंद्र बायकोला हळूच म्हणाला, "यांचं भांडण झालंय का?" मोहिनी म्हणाली, "नाही. आता कुठे जमलंय."

जायच्या आदल्या दिवशी सुपडूभाऊंनी जरा चाचरत विषय काढला.

"भाऊ, आमच्या सावद्याच्या घरी न्हाणीत पानी तुंबते. मी तीनदा बांबू घालून पाह्यला. चार दिवस बरं रायते, पुन्हा जैसे थे. एवढ्या केळीले पानी देतो मी, पन घरातल्या पान्याचं काही समजत नाही."

रतिलालांनी मान तिरकी केली. "चारच दिवस बरं राहतं? दर वेळी चारच?"

"तेच तर सांगून रायलो."

"मोरीच्या पुढं झाड आहे का?"

"शेवगा हाये. मोहिनीच्या मायनं, भिकुबाईनं लावलेला."

"मग मुळ्या आत शिरल्या असतील," रतिलाल म्हणाले. पण मग लगेच हात वर करून स्वतःलाच थांबवलं. "नाही. पाहिल्याशिवाय मी काही बोलणार नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी धुळे बसस्थानकावर जळगावच्या गाडीत दोघे शेजारी शेजारी बसले. रतिलालांच्या पिशवीत दोन सदरे, पकड, पान्हा आणि किरणनं दिलेली लांब लवचिक तार होती. कुंदाबाईंनी वर दशम्या आणि लोणचं घातलं होतं. इतकी वर्षं सावद्याकडे जाणाऱ्या गाड्यांची नावं पुकारली, पण त्या बाजूला ते लग्नाच्या दिवसाशिवाय कधी गेले नव्हते.

ऊन उतरताना ते सावद्याला पोचले. घरासमोरच्या अंगणात भिकुबाई वाट बघत होत्या. नवऱ्याचा डोळा कसा आहे ते आधी बघायचं, मग व्याह्यांना बसायला गादी, पाणी, चहा, असं सगळं त्यांनी मनात मांडून ठेवलं होतं. रतिलालांनी हात जोडले. "नमस्कार, वहिनी. बरं आहे ना सगळं?" तोवर सुपडूभाऊ घराच्या बाजूनं मागं वळलेसुद्धा होते आणि "इकडून या, इकडून, झाडाच्या अंगानं!" म्हणून हाका मारत होते. रतिलाल पिशवीतून तार काढत त्यांच्या मागं गेले.

भिकुबाई पाण्याचे दोन तांबे हातात घेऊन दारात उभ्या राहिल्या. मग त्याही मोरीकडे निघाल्या.